चांदरच्या वाड्यात मिनेझिस ब्रागांझांना कसं भेटावं

पहिल्यांदा दक्षिण गोव्यातल्या चांदर गावी गेलो तेव्हा पेडण्याची मावशी सोबत होती. तासभर आम्ही मिनेझिस ब्रागांझांचा वाडा पाहिला. झुंबरं पाहिली, चिनी भांडी पाहिली, शिसवी खुर्च्यांची नक्षी पाहून मावशीने दोनदा "अगे बाई" म्हटलं. परतताना मडगाव यायच्या आधी तिने विचारलं, "घर बरां हा रे. पण त्या बाबान केल्यान काय?"

मी शाळेत मराठी शिकवतो, फावल्या वेळात गोव्याच्या इतिहासावर चार शब्द बोलतो, आणि मला धड उत्तर देता आलं नाही. खुर्च्या कोणत्या राजाने दिल्या ते सांगता आलं असतं. ज्याच्या नावाची संस्था पणजीच्या मध्यावर उभी आहे, त्याने काय केलं ते मात्र "मोठे पत्रकार होते, पोर्तुगिजांविरुद्ध लिहायचे" एवढ्यावर संपलं.

त्यानंतर चार-पाच वेळा गेलो. पाहुण्यांना घेऊन, एकदा नववीची मुलं घेऊन, एकदा एकटाच. पुढे लिहिलंय ते त्या फेऱ्यांतून जमलेलं. वाडा सुंदर आहेच, त्यासाठी माझ्या सल्ल्याची गरज नाही. त्यातला माणूस सापडायला मात्र थोडी तयारी लागते, कारण हे सरकारी संग्रहालय नव्हे. भिंतीवर माहितीचे फलक नाहीत, काचेखाली पत्रं मांडलेली नाहीत. हे राहतं घर आहे. इथे मिनेझिस ब्रागांझा आपल्याला दाखवले जात नाहीत, शोधावे लागतात.

आदल्या संध्याकाळी

एक कागद घ्या आणि त्यावर पाच आकडे लिहा: १८७८, १९००, १९११, १९२८, १९३०. हा कागद खिशात असला की अर्धं काम झालं.

लुईस द मिनेझिस ब्रागांझा १८७८ मध्ये चांदरला जन्मले. घराणं कॅथलिक, जमीनदार, पोर्तुगीज दरबारी मान असलेलं. अशा घरातल्या मुलाने वकील व्हावं, डॉक्टर व्हावं किंवा नुसतं भाटकार, म्हणजे बागायती जमिनीचा मालक, म्हणून बल्कांवात, घरापुढच्या सोप्यावर, बसावं अशी रीत. हा मुलगा वर्तमानपत्रात शिरला. १९०० साली मेसियस गोमिश यांनी 'ओ हेराल्दो' हे गोव्यातलं पहिलं दैनिक सुरू केलं, त्यात हे बाविशीतले मिनेझिस ब्रागांझा सोबत होते. आज आपण 'हेराल्ड' म्हणून इंग्रजीत वाचतो तेच हे पत्र. १९८३ पर्यंत ते पोर्तुगीजमध्येच निघत होतं. १९११ मध्ये त्यांनी स्वतःचं 'ओ देबाते' काढलं. १९२८ मध्ये 'प्रकाश'. पोर्तुगीज भाषेत निघणाऱ्या पत्राचं नाव 'प्रकाश', हे लक्षात ठेवा. वाड्यात शिरल्यावर ते आठवलं की भोवतालच्या युरोपी थाटाकडे पाहण्याची नजरच बदलते.

मधलं १९१० हे साल कागदावर नाही, तरी डोक्यात असू द्या. त्या ऑक्टोबरात पोर्तुगालमध्ये राजेशाही संपून प्रजासत्ताक आलं आणि गोव्यातल्या हिंदूंना कायद्याने समान नागरिक म्हणून उभं राहायची संधी मिळाली. तोवर आपल्या पणजोबांना सरकारी कचेरीची पायरी चढणंही जड होतं. या समानतेच्या बाजूने लेखणी चालवणाऱ्यांत मिनेझिस ब्रागांझा पुढे होते. फोंडा-डिचोलीच्या हिंदू घरांत त्यांचं नाव आदराने का घेतलं जायचं, याचं उत्तर इथे आहे.

आणि १९३०. पोर्तुगालमध्ये हुकूमशहा सालाझारचा काळ सुरू होत होता. वसाहतींना लिस्बनच्या मुठीत घट्ट धरणारा 'आक्तू कोलोनियाल' म्हणजे वसाहत कायदा येऊ घातला होता. ४ जुलै १९३० रोजी गोव्याच्या विधिमंडळात मिनेझिस ब्रागांझांनी ठराव मांडला. त्याचा आशय असा, की आपलं भवितव्य आपण ठरवण्याचा प्रत्येक जनतेचा जो जन्मसिद्ध हक्क आहे, तो पोर्तुगीज भारतातली जनता सोडून देत नाही. राममनोहर लोहिया सभाबंदी मोडायला मडगावला यायच्या सोळा वर्षं आधी, सरकारच्याच सभागृहात, सरकारच्याच भाषेत. पुढच्या आठ वर्षांत सेन्सॉरने गोव्याची पत्रकारिता गप्प केली आणि १९३८ मध्ये ते गेले. स्वातंत्र्य त्यांनी पाहिलं नाही.

एवढं मुलांना, मावशीला, कुणालाही गाडीत सांगून टाका. वाड्यात सांगायला वेळ मिळत नाही.

दिवस आणि वेळ

इथे मी सपशेल फसलोय, म्हणून ठासून सांगतो. नववीची एकवीस मुलं घेऊन मी दुपारी दीडला दारात उभा राहिलो होतो. दार बंद. गोव्यात जन्म काढलेल्या माणसाने दुपारी दीडला सासष्टीतल्या घराची घंटा वाजवायची नसते, हे मला कळायला हवं होतं. जेवण आणि मग दुपारची झोप ही इथे कायद्यापेक्षा मोठी. मुलं चर्चच्या आवारात सावलीत बसून डबे खाऊन, भांडून, पुन्हा डबे खाऊन तीन वाजेपर्यंत थांबली. मला शिक्षा झाली, त्यांना झाली नाही.

सकाळी साडेनऊ ते बाराच्या आत जा. दुपारीच जायचं असेल तर साडेतीननंतर, पण पाचच्या आत दाराशी पोचा. रविवारी सकाळी मिस्साची वेळ असते. वाड्यासमोर चौकातच चर्च आहे, गाड्या लावायला जागा नसते आणि घरचेही प्रार्थनेत असतात. मोठा गट असेल तर आधी कळवूनच जा. देणगी किती आणि वेळ कोणती हे घरचे ठरवतात, ते दरवेळी विचारून घ्यायचं.

पावसात घर आतून काळोखं वाटतं, पुस्तकांच्या खोलीत तर जास्तच. डिसेंबर-जानेवारीची सकाळ उत्तम. ६ जानेवारीला चांदरला तीन राजांचं फेस्त, म्हणजे चर्चचा सण, असतं. आजूबाजूच्या गावांतली तीन मुलं राजांचा वेश करून येतात, सगळा गाव रस्त्यावर असतो. कार्निव्हालच्या दिवसांत चांदरच्याच कोट या वाडीत मुसळखेळ असतो. हातात मुसळं घेऊन ख्रिस्ती पुरुष नाचतात तो हा खेळ, आणि धर्मांतराच्या कितीतरी आधीच्या आठवणी त्यात शिल्लक आहेत. हे दोन्ही पाहण्यासारखं. पण त्या दिवशी वाडा निवांत पाहायला मिळेल अशी आशा ठेवू नका. एक काय ते ठरवा.

पोचणं

मडगावहून कुडचड्याला चांदर मार्गे जाणाऱ्या बसेस आहेत. चढताना कंडक्टरला "चांदर इगर्जेकडे देंवतां", म्हणजे चांदरच्या चर्चपाशी उतरतो, म्हटलं की तो बरोबर उतरवतो. काही बसेस दुसऱ्या रस्त्याने जातात, तेव्हा विचारल्याशिवाय चढू नका. दुचाकीने गेलात तर कुडतरीवरून शेतांच्या कडेने जाणारा रस्ता घ्या, पावसानंतरच्या महिन्यात तो वाडा पाहण्याइतकाच सुरेख असतो. चांदरला रेल्वे स्टेशनही आहे, वास्को-कुळे मार्गावर. पण थांबणाऱ्या गाड्या मोजक्या, त्यावर दिवसाचं गणित मांडू नये.

पोटात काही घालून निघा. मडगावच्या बाजारात पातळभाजी, पाव आणि तळलेली मिरची खाल्ली की दुपारपर्यंत चिंता नाही. वाड्याच्या आसपास हॉटेलांची रांग नाही.

आत जाण्याआधी बाहेर दहा मिनिटं

लोक गाडीतून उतरतात ते थेट दाराकडे. तसं करू नका. चौकाच्या पलीकडे उभं राहून दर्शनी बाजू पूर्ण नजरेत घ्या. वरच्या मजल्यावर खिडक्यांची रांग आहे. मुलांना मोजायला लावा, चोवीस भरतात. एवढ्या लांब दर्शनी बाजूचं घर गोव्यात क्वचित दिसेल.

मग हे सांगा, की हे एक घर नाही. सतराव्या शतकात सुरुवात झालेला आणि पुढे वाढत गेलेला हा वाडा दोन शाखांत वाटला गेलाय. पश्चिमेचा भाग मिनेझिस ब्रागांझांचा, पूर्वेचा ब्रागांझा परेरांचा. मधला जिना एक, संसार दोन. दोन्ही भागांची देणगी वेगळी द्यावी लागते. मागच्या खेपेला एक पुण्याचे गृहस्थ यावरून दाराशी वाद घालत होते, "एकाच घराचे दोनदा पैसे कसे?" वाटण्या झालेल्या घरात आपण दोन्ही काकांकडे चहा पितोच की.

बाहेरूनच आणखी एक गोष्ट पाहून घ्या. गावात फिरताना जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं दिसतील. काच महाग होती त्या काळात सपाट, पातळ शिंपले घासून चौकोनी कापायचे आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचेत एकावर एक सरकवायचे. जवळ जाऊन एकच चौकोन पाहा. त्यावर नखासारख्या बारीक वळ्या असतात, कडेला थोडा पिवळटपणा, आणि ऊन त्यातून गाळलेल्या दुधासारखं येतं. बाहेरचं काही दिसत नाही, उजेड तेवढा आत येतो. 

दारात

घंटा वाजवा आणि थांबा. दोन मिनिटांत दुसऱ्यांदा वाजवू नका. घर लांब आहे, आतून माणूस यायला वेळ लागतो. दार उघडल्यावर कोंकणीत बोललात तर फार फरक पडतो. "देव बरो दीस दिवं" एवढं आलं तरी पुरे. नाही जमलं तर मराठीही चालते, हसून बोलावं एवढंच. वयस्क बाई असल्या तर त्यांना नावाने हाक मारायच्या भानगडीत न पडता "बाय" म्हणावं.

"कोणता भाग मिनेझिस ब्रागांझांचा?" असं विचारूनच पुढे जा, कारण आपल्याला सुरुवात तिथून करायची आहे. फोटोची परवानगी प्रत्येक भागात वेगळी विचारा. नको म्हणाले तर मोबाइल खिशात, खाली धरून चोरून नाही. चपला काढायच्या का तेही विचारा. कुठल्याही खुर्चीवर बसू नका, कितीही रिकामी दिसली तरी. मावशी बसणार होती, मी दंडाला धरून उभी केली.

देणगी निघताना देतात की आधी, ते घरचे सांगतील. मोकळ्या नोटा जवळ ठेवा. आणि ती देताना हे आठवा की या घराचा खर्च एकेकाळी भाटांच्या उत्पन्नावर चालायचा. १९६१ मध्ये गोवा पोर्तुगिजांपासून मुक्त झाला, त्या मुक्तीनंतर १९६४ चा कूळकायदा आला, पुढे कसेल त्याची जमीन झाली. भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने सुरू केलेला हा बदल हजारो कुळांसाठी न्यायाचा होता, यात मला तरी शंका नाही. माझे आजोबा त्या कुळांतलेच. पण त्याच कायद्यानंतर अशा वाड्यांच्या छपराला कौलं कुठून आणायची हा प्रश्न उभा राहिला, आणि आज त्याचं उत्तर आपल्या हातातली नोट आहे. कुळाच्या नातवाने भाटकाराच्या घराच्या दुरुस्तीला पैसे द्यावेत यात मला गंमत वाटते. कडवटपणा वाटत नाही.

पश्चिमेचा भाग: सावकाश

आत गेल्यावर डोळे आधी वर जातात. बेल्जियमची झुंबरं, इटलीची संगमरवरी फरशी, मकाव आणि चीनकडून आलेली भांडी, गोव्याच्या सुतारांनी घडवलेलं शिसवी लाकूडकाम. पाहून घ्या, मन भरू द्या. लहान मुलं असतील तर त्यांना एक काम द्या: युरोपातून आलेली एक वस्तू, चीन-मकावकडून आलेली एक आणि गोव्यात घडलेली एक शोधायची. तिसरी शोधायला सगळ्यात वेळ लागतो आणि तीच सगळ्यात जास्त असते. परदेशी घाटाची खुर्ची गोव्याच्या सुताराने केलेली आहे हे मुलांच्या पटकन लक्षात येत नाही. आलं की ती प्रत्येक खुर्चीखाली वाकून पाहू लागतात, तेव्हा सांभाळा.

दोघांनी पाठमोरं बसून मान वळवून बोलायची इंग्रजी 'एस'सारखी जोडखुर्ची अशा घरांत असते. तिच्यासमोर थांबून मी मुलांना विचारतो, "इथे बसून काय बोलत असतील?" उत्तरं ऐकण्यासारखी असतात. एक मुलगी म्हणाली, "भांडत असतील, म्हणून तोंडं उलटी."

पण या भागात येण्याचं खरं कारण पुस्तकांची खोली. पाच हजारांच्या आसपास पुस्तकं आहेत असं सांगतात, आणि खासगी संग्रह म्हणून गोव्यात त्याचं नाव मोठं आहे. पुष्कळ लोक दारातून डोकावून "अरे वा, लायब्ररी" म्हणतात आणि पुढच्या झुंबराकडे जातात. तुम्ही थांबा.

हात लावायचा नाही. पुस्तकांच्या पाठी वाचायच्या. चामड्याची बांधणी, काहींची सोनेरी अक्षरं अजून उजळ, काहींची इतकी पुसलेली की नुसता खड्डा बोटाने चाचपावासा वाटतो. नावं वाचताना भाषा ओळखा. पोर्तुगीज येत नसलं तरी चालतं. शब्दाच्या डोक्यावर लाट दिसली की बहुधा पोर्तुगीज, वर टोपी दिसली की बऱ्याचदा फ्रेंच. वास येतो तो जुन्या कागदाचा आणि दमटपणाचा मिळून. गोव्याच्या हवेत कागद जगवणं म्हणजे दरवर्षी पावसाशी लढाई. ज्यांच्या घरी आजोबांच्या पोथ्या आहेत त्यांना हे सांगायला नको.

या खोलीत तो खिशातला कागद बाहेर काढा. हे ज्या माणसाचं कपाट, तो लिस्बनमधून आणि पॅरिसमधून आलेलं वाचून चांदरमध्ये बसून लिहायचा. युरोपातल्या लोकांनी राजाला, चर्चला, साम्राज्याला जे प्रश्न विचारले तेच प्रश्न त्याने त्यांच्याच भाषेत त्यांच्याच गव्हर्नराला विचारले. १९३० चा ठराव आकाशातून पडला नाही, तो अशा कपाटांतून आला. मावशीला हे मी नंतर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे पुस्तकांनीच बिघडयल्यान." तिच्या परीने ती बरोबर होती.

घरात कुणी बोलायला मोकळं असेल तर एक-दोन प्रश्न विचारा. "ही खुर्ची किती जुनी?" हा प्रश्न त्यांनी हजारदा ऐकलाय, उत्तरही पाठ असतं. त्याऐवजी विचारा, की लिहायचं टेबल कोणत्या बाजूला असायचं, वर्तमानपत्राच्या फायली कुठे ठेवायचे, भेटायला कोण यायचं. कधी उत्तर मिळतं, कधी नुसतं हसू. कुटुंबातल्या आजच्या माणसांच्या खासगी गोष्टी मात्र विचारू नयेत.

इथे आणखी दोन नावं जोडून घ्या. बेर्ता द मिनेझिस ब्रागांझा ही त्यांची मुलगी. वडिलांच्या पश्चात तीही पत्रकार झाली आणि मुक्तीलढ्यात उतरली. आणि त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा, मिनेझिस ब्रागांझांचे मेहुणे, १८९१ मध्ये याच गावात जन्मलेले. १९२८ मध्ये त्यांनी गोवा काँग्रेस समिती स्थापन केली, १९४६ मध्ये त्यांना पकडून पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात डांबलं, १९५८ मध्ये ते मुंबईत वारले. एका गावाने, एका गोतावळ्याने इतकं दिलं. मेजवान्यांच्या दिवाणखान्यात उभं राहून ही नावं आठवली की झुंबरं जरा लहान दिसतात.

पूर्वेचा भाग: लवकर

इथे पंधरा-वीस मिनिटं पुरतात, पण चुकवू नये. नाचाचा मोठा दिवाणखाना या बाजूला आहे, त्याचं छत निळसर फुलांच्या नक्षीचं, जस्ताच्या पत्र्याचं. पोर्तुगालचा राजा दों लुईस याने दिलेल्या, घराण्याची मुद्रा असलेल्या दोन उंच पाठीच्या खुर्च्या इथेच आहेत. घरच्या प्रार्थनाघरात संत फ्रान्सिस झेवियरांच्या नखाचा अवशेष म्हणून दाखवतात. श्रद्धेने पाहायचं ते पाहावं, आणि प्रार्थनाघरात आवाज खाली.

दोन्ही भाग एकामागून एक पाहिले की एक गोष्ट आपोआप कळते. राजाने दिलेली खुर्ची आणि राजसत्तेला प्रश्न विचारणारं कपाट यांच्यामध्ये एकच जिना आहे.

गावात अर्धा तास

बाहेर पडलात की घाई करू नका. चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर, कुशावतीच्या काठचं. भोजांची राजधानी, पुढे काही काळ कदंबांचीही. कोटाच्या बाजूला जुन्या शिवमंदिराच्या पायाचे अवशेष आणि डोकं नसलेला नंदी आहे. १९२९ मध्ये इतिहाससंशोधक फादर हेरास यांनी इथे उत्खनन केलं होतं. फार काही उभं नाही. विटांचा पाया, गवत आणि तो नंदी. पण ज्या गावात चर्चसमोर वाडा आहे आणि वाड्यामागे दीड हजार वर्षांची राजधानी, तिथल्या मुलाला "आम्ही कोण?" हा प्रश्न लवकर पडत असावा असं मला वाटतं. कोटातच फर्नांडिसांचं जुनं घर आहे. शत्रू आला तर लपायची तळघरातली जागा तिथे दाखवतात. मुलं सोबत असतील तर ती या दिवसातलं नेमकं हेच लक्षात ठेवतील, हे गृहीत धरा.

पुढचा टप्पा: मडगाव आणि पणजी

वाडा पाहून घरी गेलात तर अर्धाच माणूस पाहिला असं होईल. परतीच्या वाटेवर मडगावचं लोहिया मैदान लागतं. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्यासोबत इथे सभाबंदी मोडली. लोहिया त्याआधी ज्युलियांव यांच्या असोळण्याच्या घरी मुक्कामाला होते. १९३० मध्ये सभागृहात मांडलेली गोष्ट १९४६ मध्ये मैदानात आली, एवढी सांगड घालायला इथे पाच मिनिटं थांबावं.

मग पणजी, शक्यतो दुसऱ्या दिवशी, कार्यालयीन वेळेत. वाचायची आवड असेल तर आधी पाट्टोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जा. १८३२ पासूनची ही संस्था, इथे जुनी पोर्तुगीज वर्तमानपत्रं आहेत. ओळखपत्र न्या, कोणत्या सालचं काय हवं ते कागदावर लिहून न्या, आणि जुन्या अंकांची मागणी शांतपणे करा. मला पोर्तुगीज वाचता येत नाही. तरीही जुन्या पानावरचे बारीक स्तंभ, जाहिराती आणि तारखा पाहताना वाड्यातली ती खोली पुन्हा समोर उभी राहिली.

आझाद मैदानावर खांबांचा एक गोल मंडप आहे. त्यात पूर्वी गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज अल्बुकर्कचा पुतळा होता. तो आता जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. मंडपात आज त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांचं स्मारक आहे. अल्बुकर्कच्या जागी चांदरचा माणूस.

तिथून इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा दोन मिनिटांच्या चालीवर. संस्था १८७१ ची, तेव्हाचं नाव इन्स्टिट्यूट वास्को द गामा. मुक्तीनंतर १९६३ मध्ये नाव बदललं. प्रवेशाच्या दालनात मान वर करा. भिंतीभर निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर चित्रं आहेत, ज्यांना पोर्तुगीजमध्ये आझुलेजू म्हणतात. जोर्जे कोलासू यांनी १९३५ मध्ये केलेली, कामोंइश या कवीच्या महाकाव्यातल्या प्रसंगांची. विषय अर्थात वास्को द गामाची सफर, समुद्र, जहाजं, पोर्तुगालचा पराक्रम. टाइल्स जवळून पाहिल्या तर सांधे दिसतात. एखाद्याचा हात एका टाइलवर आणि भाला दुसरीवर.

मावशीला मी शेवटी इथेच आणली. तिने चित्रं पाहिली, मग दारावरचं नाव वाचलं, मग पुन्हा चित्रं. "ह्या बाबाच्या घरात त्येंचीच जहाजां?" ती म्हणाली. मी म्हटलं, ही त्याच्या घरातली नव्हेत, नाव त्याचं नंतर लागलं. ती थोडा वेळ त्या निळ्या लाटांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मगे बरां. रवूं देत. बघूक जाय ना, कोणाक कोणी हटयल्यान ता."